बेळगाव परिसरातील रस्त्यांसाठी लहान एसयूव्हीचे टायर आणि रिम: निवड, बसवणी व देखभाल

बेळगावची गाडी एकाच प्रकारच्या रस्त्यावर कधी चालत नाही. जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून ती पावसात गोव्याला जाते, पुढच्या महिन्यात लग्नकार्यासाठी अथणीच्या उन्हात दिवसभर उभी राहते, निपाणी किंवा कोल्हापूरचे काम निघाले की राष्ट्रीय महामार्ग ४८ वर तासाला ऐंशी-नव्वदच्या वेगाने धावते आणि एरवी टिळकवाडी ते उद्यमबाग एवढाच तिचा रोजचा फेरा असतो. टायर विकणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न खरे तर "गाडी कुठे फिरते?" हा आहे; मला मात्र तो कोणी विचारला नाही, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. त्यामुळे पहिल्या खेपेला माझा टायरचा आणि रिमचा दोन्ही खर्च वाया गेला. पहिल्यांदाच टायर बदलायला निघालेल्या वाचकाला तो खर्च टाळता यावा, एवढ्यासाठी ही माहिती क्रमाने लिहीत आहे.

१. गेल्या वर्षभरात गाडी कुठे फिरली ते लिहून काढा

अंदाजाने सांगू नका, कागदावर मांडा. शहरात किती, महामार्गावर किती, घाटात आणि कच्च्या वाटेवर किती, याचा ढोबळ हिशेब पुरेसा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या कागदावर डांबरी रस्त्याचाच आकडा मोठा निघतो. अशा गाडीला एचटी, म्हणजे पक्क्या रस्त्यासाठी बनवलेला टायर योग्य असतो. तो कमी आवाज करतो, त्याला इंधन कमी लागते आणि ओल्या डांबरावर तो चांगला धरतो. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात शेत असेल आणि लाल मातीच्या चिखलातून आठवड्याला दोन-चार फेऱ्या होत असतील, तर एटी प्रकारच्या जाड नक्षीच्या टायरचा विचार करावा. केवळ दिसायला दणकट वाटतो म्हणून एटी घेणाऱ्यांना महामार्गावरचा त्याचा घुमणारा आवाज महिनाभरात नकोसा होतो, असे मी दोन-तीन परिचितांच्या बाबतीत पाहिले आहे.

घाटाकडे वारंवार जाणाऱ्यांनी ओल्या रस्त्यावरच्या पकडीला सर्वाधिक महत्त्व द्यावे. टायरला परिघाच्या दिशेने तीन-चार खोल, रुंद आणि सलग खाचा असाव्यात, कारण चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्याचे काम त्याच करतात. खाच उथळ झाली की वेगात टायर पाण्यावर तरंगतो, आणि त्या क्षणी ब्रेक किंवा स्टिअरिंग यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही.

२. टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा

समजा टायरवर २१५/६० आर १६ ९५एच असे लिहिले आहे. २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा इंचातील व्यास. ९५ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर ६९० किलो वजन पेलतो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी तो तपासलेला आहे. तेवढ्या वेगाने येथे कोणी जाणार नाही हे उघड आहे. पण भारांक मात्र मूळ टायरपेक्षा कमी असलेला कधीही घेऊ नये. पाच माणसे, गावाकडून आणलेली तांदळाची दोन पोती आणि डिकीतले सामान हे सगळे शेवटी त्या चार टायरांवरच येते.

याच बाजूला डीओटी या अक्षरांनंतर एक लांब क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष: २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, त्यामुळे दिसले नाहीत तर टायर उलटून पाहावा. आयएसआय चिन्ह आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

३. आकार बदलण्याचा मोह आणि त्याचा हिशेब

माझी चूक येथेच झाली. माझ्या गाडीला कंपनीचा २१५/६० आर १६ टायर होता. चाकाच्या कमानीत तो लहान दिसतो, असे कोणीतरी म्हणाले आणि मी १७ इंची रिम घ्यायचे ठरवले. तिथपर्यंत फारसे बिघडले नव्हते, कारण २१५/५५ आर १७ हा टायर मूळ व्यासाच्या अगदी जवळ जातो. परंतु दुकानात तो शिल्लक नव्हता आणि "हापण तोच, फक्त एक नंबर कमी" असे सांगून मला २१५/५० आर १७ बसवून देण्यात आले. मी आकडे समजून न घेता मान हलवली.

हिशेब असा आहे. मूळ टायरची भिंत १२९ मिलिमीटर. तिची दुप्पट २५८, त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिळवले की एकूण व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर होतो. २१५/५५ आर १७ चा व्यास ६६८ येतो, म्हणजे फरक नगण्य. २१५/५० आर १७ चा मात्र ६४७ येतो. व्यास अडीच टक्क्यांहून अधिक घटला, गाडी जमिनीकडे सुमारे ९ मिलिमीटर खाली आली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिम व खड्डा यांच्यामधली रबराची भिंत १२९ वरून साधारण १०७ वर उतरली. पहिल्याच पावसाळ्यात, कणकुंबीच्या अलीकडे पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसला नाही. टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आला आणि रिमच्या आतल्या कडेला चीर गेली. धुक्यात, पावसात, मागून येणाऱ्या ट्रकांच्या उजेडात स्टेपनी बदलताना मला भिंतीची उंची म्हणजे काय, हे कायमचे समजले.

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. १६ इंचांच्या त्याच रिमवर २३५/६० टायर चढवला तर व्यास ६८८ होतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून अधिक वाढ. काटा ८० दाखवत असताना गाडी खरे तर ८३ च्या आसपास धावते, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो आणि उचल मंदावते. त्यामुळे एकूण व्यास मूळ टायरपेक्षा दोन-तीन टक्क्यांहून अधिक बदलू देऊ नये. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे आपल्याच मॉडेलच्या वरच्या किंवा खालच्या प्रकाराला कंपनीने दिलेला आकार घेणे. तो गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो.

४. रिम: लोखंडी की मॅकव्हील

लोखंडी रिम जड असते, दिसायला साधी असते आणि खड्ड्यात आपटली तर वाकते. पण ती बहुधा ठोकून सरळ करता येते. मॅकव्हील, म्हणजे अ‍ॅलॉय रिम, दिसायला चांगली असते. ती वाकण्याऐवजी तडकण्याची शक्यता अधिक असते आणि चीर गेलेली रिम वेल्डिंग करून वापरणे धोक्याचे असते. वेल्डिंग केल्यावर ती नव्यासारखी दिसते, त्यामुळे जुन्या बाजारातून मॅकव्हील घेताना फसगत होण्याचा संभव फार आहे. माझा स्पष्ट सल्ला असा: घाटवाटांवर नेहमी जाणे असेल आणि गाडीला लोखंडी रिम असतील, तर त्याच राहू द्याव्यात आणि वाचलेला पैसा उत्तम टायरात घालावा.

तरीही मॅकव्हील घ्यायचीच असेल, तर व्यासाशिवाय आणखी चार गोष्टी जुळाव्या लागतात. नटांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, आणि नटांची संख्या तंतोतंत तीच हवी. मधले भोक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर, घट्ट बसावे. ते मोठे असेल तर मधे बसवायची योग्य मापाची रिंग मागावी, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्याचे काम, कितीही केले तरी ती थरथर जात नाही. ऑफसेट, म्हणजे रिम हबपासून किती आत किंवा बाहेर बसते ते माप, मूळच्या जवळ असावे. चौथी गोष्ट नटांची आहे. लोखंडी रिमचे नट आणि मॅकव्हीलचे नट यांची बसण्याची बाजू अनेकदा वेगळी असते, आणि जुनेच नट नव्या रिमला लावले तर ते घट्ट वाटतात, पण कालांतराने ढिले होतात. चाक आणखी बाहेरच्या बाजूला दिसावे म्हणून रिम आणि हब यांच्यामध्ये चकत्या घालून देण्याची सूचना कोणी केली, तर नम्रपणे नकार द्यावा. चिखल अंगावर उडतो, बेअरिंगवर ताण येतो आणि टायर कमानीबाहेर आल्यास तपासणीत प्रश्न निघतो तो वेगळाच.

५. दुकानात जाताना काय न्यावे

— गाडीच्या आरसीची प्रत, म्हणजे मॉडेलचा नेमका प्रकार सांगता येतो.
— चालकाच्या दाराच्या चौकटीवरील हवेच्या दाबाच्या पट्टीचा मोबाइलवर काढलेला फोटो.
— जुन्या टायरचे बिल आणि वॉरंटी कार्ड. टायर निर्मितीच्या दोषाने खराब झाला असेल, तर दावा त्यावरच चालतो.
— विम्याची पॉलिसी. ती का, हे शेवटी सांगितले आहे.
— चाकाला चोरी रोखणारा वेगळा नट असेल तर त्याची चावी. ती घरी विसरून येणारे मी सोडून इतरही आहेत.

निपाणीकडचे लोक कोल्हापूरला जातात, चंदगडकडचे बेळगावात येतात, आणि कोठे स्वस्त मिळते यावर चावडीत चर्चा होते. जीएसटीचा दर दोन्ही राज्यांत एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील दर २८ वरून १८ टक्के झाला आहे. म्हणून दोन ठिकाणच्या भावांची तुलना करताना बसवणी, बॅलन्सिंग, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे), नवे व्हॉल्व्ह आणि कर हे सगळे धरून एकूण रक्कम विचारावी. बिलाशिवाय दोनशे रुपये कमी, हा व्यवहार स्वीकारू नये. बिलावर प्रत्येक टायरचा क्रमांक लिहून घ्यावा.

६. बसवताना समोर उभे राहा

चहाला जाऊ नका. टायर रिमवर चढण्यापूर्वी डीओटीचे आकडे स्वतः वाचा. सहा-आठ महिन्यांपूर्वीचा टायर घेण्यास हरकत नाही, पण दोन वर्षांहून जुना टायर पूर्ण भावाने घेण्याचे कारण नाही. टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने हवा. "आउटसाइड" असे लिहिलेली बाजू बाहेर हवी. दर नव्या टायरबरोबर रबरी व्हॉल्व्ह नवा घालून घ्यावा, कारण तो फार स्वस्त असतो आणि जुना व्हॉल्व्हच पुढे हळूहळू हवा सोडतो. व्हॉल्व्हला हवेच्या दाबाचा सेन्सर जोडलेला असेल, तर टायर काढण्यापूर्वीच कारागिराला तसे सांगावे. पटाशी चुकीच्या जागी लागली तर सेन्सर तुटतो आणि तो महाग पडतो.

दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ओल्या वळणावर मागची चाके घसरली तर गाडी फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. दुकानदार बहुधा पुढे बसवायला निघतो. त्याच्याशी वाद न घालता, मागेच हवेत, असे शांतपणे सांगावे.

नट हवेच्या गनने करकचून आवळले जातात. ते एकमेकांसमोरच्या क्रमाने आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळून घ्यावेत. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत, विशेषतः मॅकव्हील नवी असेल तर.

७. हवा: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम

दाराच्या पट्टीवर जो आकडा आहे तोच खरा. लहान एसयूव्हींना तो साधारण ३२ ते ३६ पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) दरम्यान असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांसाठी अनेकदा वेगळा दिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो; तितकी हवा भरायची नसते. मोजणी टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चालली असताना करावी. दुपारी महामार्गावरून उतरून पंपावर दाब पाहिला तर तो तीन-चार पीएसआय जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडणे ही नेहमीची चूक आहे, कारण सकाळी टायर थंड झाल्यावर दाब गरजेपेक्षा खाली गेलेला असतो. तापमान दहा अंशांनी बदलले की दाबात एक ते दोन पीएसआयचा फरक पडतो. त्यामुळे अथणी-चिकोडीच्या एप्रिलमधून बेळगावच्या डिसेंबरच्या थंडीत येईपर्यंत टायर न गळताही मऊ झालेला असतो.

कमी हवेचा टायर दोन्ही कडांनी झिजतो, तापतो आणि उन्हात वेगात फुटण्याची भीती असते. जास्त हवेचा टायर मध्यभागी झिजतो. दर पंधरा दिवसांनी, आणि लांबच्या प्रवासाआधी, स्वतःच्या गेजने तपासावे, कारण पंपावरचे गेज अनेकदा चुकीचे दाखवते. बैलहोंगल-गोकाककडे पंपावरचा मुलगा "गाळी?" असे विचारेल. तो हवेबद्दलच विचारत असतो. "गाळी चेक माडि" आणि आकडा एवढे सांगितले की काम होते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायचे की नाही, हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि मी तो भरून घेणे थांबवले आहे.

८. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि चाकांची अदलाबदल

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन कामांत नवखे लोक गोंधळतात. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर अलाइनमेंट बिघडलेली असते. ठरावीक वेगाला, बहुधा ८० च्या पुढे, स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग हवे. रिमला चिकटवलेले शिशासारखे वजन निघून पडले तरी थरथर सुरू होते, आणि आपल्या चिखलात ते निघते. दर ८ ते १० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी. खड्ड्यात जोरात आपटल्यावर मात्र किलोमीटरांची वाट न पाहता अलाइनमेंट तपासावी. अदलाबदलीनंतर दाबाची सूचना देणारी यंत्रणा पुन्हा सेट करावी लागते का, ते पुस्तिकेत पाहावे.

९. पंक्चर

आपल्या भागात पंक्चरची कारणेही स्थानिक आहेत. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांजवळ लेथवरचा लोखंडी कीस रस्त्यावर येतो. ऊस हंगामात संकेश्वर, निपाणी, चिकोडीच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांचे खिळे आणि बोल्ट पडलेले असतात. ट्यूबलेस टायरची हवा एकदम जात नाही, म्हणून खिळा दिसला तरी तो लगेच उपटू नये; दाब पाहत हळूहळू जवळच्या दुकानापर्यंत जावे.

रस्त्याकडेला वात घालून केलेली दुरुस्ती तात्पुरती समजावी. शहरात आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात जाणारी दांडी असलेले ठिगळ, लावून घेणे चांगले. भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठे असेल किंवा बाजूच्या भिंतीवर असेल तर दुरुस्ती करूच नये, मग दुकानदार कितीही खात्री देवो. हवा नसताना अर्धा किलोमीटर जरी गाडी चालली असेल, तरी आतली भिंत चुरडली जाते. टायर उतरवून आत काळा चुरा आहे का ते पाहावे.

गाडीत पुढील वस्तू ठेवाव्यात: दाबाचे गेज, बारा व्होल्टवर चालणारा हवा भरण्याचा पंप, जॅक, पाना, टॉर्च, हातमोजे, त्रिकोणी धोक्याचे चिन्ह, उतारावर चाकाला लावायचा लाकडी ठोकळा आणि साधारण फूटभर लांबीची जाड फळी. पावसाळ्यात खानापूरच्या लाल मातीत जॅक नुसता रुतत जातो, तेव्हा ती फळीच कामी येते. स्टेपनीत हवा आहे का, हे महिन्यातून एकदा पाहावे. अनेक गाड्यांत ती इतर चाकांपेक्षा लहान असते. तिच्यावर लिहिलेली मर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळावी. २०२० मधील नियमबदलानंतर दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली आहे, म्हणून नवी गाडी घेताना डिकी उघडून पाहावे. चोर्ल्यात फुटलेल्या टायरला दुरुस्तीच्या संचाचा काही उपयोग होत नाही.

१०. टायर कधी बदलावा

कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर खोलीची आहे. टायरच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात, आणि त्यांची जागा दाखवणारे टीडब्ल्यूआय हे चिन्ह किंवा त्रिकोण बाजूच्या वरच्या कडेला असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. परंतु पावसात ३ मिलिमीटरच्या खालीच पकड लक्षणीय उतरते, म्हणून घाटातून जाणाऱ्यांनी टायर गुळगुळीत गोटा होईपर्यंत थांबू नये आणि मे महिन्यातच निर्णय घ्यावा. नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी भेगा, फुगे आणि रबराचा कडकपणा तपासून घ्यावा. बाजूला फुगा दिसला तर टायर त्याच दिवशी काढावा.

विम्याबद्दल थोडेसे. साध्या पॉलिसीत केवळ टायर फुटला किंवा कापला गेला तर भरपाई मिळत नाही. अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळते. त्यापलीकडे हवे असल्यास टायरचे वेगळे संरक्षण पॉलिसीला जोडावे लागते. नंतर बसवलेल्या मॅकव्हीलची माहिती विमा कंपनीला लेखी कळवलेली नसेल, तर त्यांची किंमत दाव्यात धरली जात नाही. माझ्या चिरलेल्या रिमचे पैसे असेच गेले.

जुने टायर दुकानात सोडताना त्यांच्या भिंतीवर खिळ्याने दोन खोल चरे ओढावेत. गोटा झालेल्या टायरला तापलेल्या सुरीने नव्या खाचा पाडून तो पुन्हा विकण्याचे प्रकार होतात, आणि चरे पडलेला टायर त्या कामाचा राहत नाही. घरी आणून अंगणात ठेवले तर पावसाचे पाणी साचून त्यात डास होतात. झोक्याला एखादा हवाच असेल, तर त्याला खालून दोन भोके पाडावीत.